पाच जणांची पंगत

“आणि बुवा, परवाच्या पेपरात अनोळखी प्रश्न आला तर?”

पद्मजा नदीकाठच्या मठात शास्त्रीबुवांसमोर बसली होती. परीक्षा विद्यापीठाच्या प्रवेशाची, तीही विचारशक्तीची. गेल्या वर्षी प्रवेशाची गाडी हुकली होती. यंदा हुकली तर पुन्हा बसायची सोय नव्हती. तर्क शिकवण्यात बुवांचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नाही, म्हणून पोरगी धावत आली होती.

“ओळखीचा आला तर?” बुवांनी विचारलं.

“तर काय, वाचून व्हायच्या आत उत्तर! जुने सगळे पेपर तोंडपाठ आहेत.”

“आणि अनोळखी आला की?”

“डोकंच बंद पडतं.”

“मग विचार कधी करतेस?”



बुवांनी रिकाम्या ओसरीकडे बोट केलं. “पाच जण पंगतीला बसलेत. धोंडूच्या डावीकडे दोघं, उजवीकडे…”

“बैठकव्यवस्था! धोंडू मधोमध!”

“अगं बाई, मी अजून काही विचारलंच नाही.”

ती ओशाळली.

“पाचही जण एकदम जेवणार. सहावा माणूस नाही. पंगतीतून मधेच उठायचं नाही आणि उष्टा हात पळीला लावायचा नाही. वाढणार कोण?”

“पर्याय?”

“पर्याय नाहीत.”

“असं कसं? चार तरी द्या ना!”

बुवांनी डोळे मिटले. पेंगले की काय, कुणास ठाऊक.

“आधीच वाढून घेतील…” ती पुटपुटली. “पण भात पुन्हा लागला तर? धोंडूनं… छे, त्याचाही हात उष्टाच…”

बराच वेळ गेला.

“थांबा, थांबा! डावा हात कुठे उष्टा असतो? आमची आई जेवताना डाव्या हातानंच तर वाढून घेते! पातेली पुढे सरकवत न्यायची, ज्याचं त्यानं घ्यायचं!”

“कुठल्या सालचा पेपर हा?”

“कुठल्याच नाही, बुवा. आत्ता सुचलं… माझं मला सुचलं!”

तिचा जीव भांड्यात पडला. कितीतरी महिन्यांनी ती अशी खळखळून हसली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

मग जाता जाता उंबऱ्यात अडली.

“पण परवा असं काही सुचलंच नाही तर?”

“आत्ता सुचायच्या आधी डोक्यात काय होतं?”

“काहीच नव्हतं, बुवा. एकही जुना पेपर नव्हता.”

“मग तेवढंच घेऊन जा.”