खाक्याशिवायची भिंत

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा राजे सकाळी स्वतः अंगणात बसून दात घासत आणि येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करत. तशा एका राज्यात चिताऱ्यांची एक आळी होती. घरांच्या भिंती रंगवाव्यात तर तिथल्याच लोकांनी, असा त्यांचा लौकिक होता.

या चिताऱ्यांची कामाची एक रीत होती. कागदावर मोर काढायचा, त्याच्या रेघांवर सुईने भोकं पाडायची, कागद भिंतीला लावायचा आणि वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटायची. भिंतीवर ठिपके उमटत. ते जोडले की मोर तयार! या भोकांच्या कागदाला ते खाका म्हणत. खाके आजोबा-पणजोबांचे, त्यामुळे गावभर मोर एकाच चेहऱ्याचे. पाहुणे मोर बघून घर ओळखायला जात आणि भलत्याच घरी जेवून येत.

याच आळीत गोजरा नावाची मुलगी होती. आईबाप नव्हते, काकांसाठी रंग वाटायची. पण हातात कुंचला आला की तिचं काही वेगळंच चाले. ती खाका लावायची नाही. आधी एक ठिपका द्यायची आणि त्याच्याकडे बघत राहायची. मग त्याच्या शेजारी एक चंद्रकोर, तिच्या पाठीशी चार रेघा, रेघांच्या टोकांना पुन्हा ठिपके. नक्षी वाढत जायची, वळायची, मधेच उसळायची. मोर नाही, कमळ नाही, कशाचंही चित्र नाही!

"हे आहे तरी काय गं?" बायका विचारत.

"मलाही अजून कळायचंय," गोजरा हसून म्हणे. आणि खरंच तिला कळायचं असे. पुढची रेघ कुठे जाणार, या उत्सुकतेनं तिचे डोळे नुसते लकाकत.

आळीचा एक कडक नियम होता. स्वतःच्या हातानं काम करायचं असेल, तर धर्मशाळेची एक भिंत रंगवून दाखवायची. मग आळीतले सगळ्यात थोरले चितारी समोर बसत आणि तोंडात विडा धरत. दातांनी त्यांना कधीच रामराम ठोकला होता, त्यामुळे विडा चांगला लांबे. विडा संपेपर्यंत ते बघत राहिले, तर कुंचला तुमचा. त्याआधी उठले, तर कुंचला काढून घेणार. मग जन्मभर दुसऱ्यांसाठी रंग वाटायचे.

गोजरानं भिंत मागितली. आळी तोंडात बोट घालून बघत राहिली.

सकाळी तिनं उजव्या कोपऱ्यात गेरूचा पहिला ठिपका दिला आणि मग काय विचारता! ठिपक्यातून लाट निघाली, लाटेवर पिवळ्या टिकल्यांची रांग चढली, निळ्या रेघा तिला आडव्या आल्या आणि वाट देऊन बाजूला झाल्या. हात थांबेना. बघणाऱ्यांची गर्दी जमली. दुपारपर्यंत अर्धी भिंत नाचायला लागली होती.

तेवढ्यात काका कानाशी आले. माणूस वाईट नव्हता, फक्त घाबरट होता.

"पोरी, झक्क जमलंय. पण अजून अर्धी भिंत उरलीय. हात चुकला तर? जे जमलंय, त्याचाच खाका घे की! उलटा करून तिकडे लाव. काही धोकाच नाही."

गोजराच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पण कुंचला जाण्याचं भय मोठं होतं. तिनं स्वतःच्याच नक्षीचा खाका घेतला, डावीकडे लावला, ठिपके जोडले, रंग भरले. रेघ न् रेघ तंतोतंत! काम चुटकीसरशी झालं.

थोरले चितारी आले. बसले. विडा तोंडात धरला. उजवीकडे बघता बघता त्यांचं तोंड हलायचं थांबलं. नजर वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. गोजराचा जीव सुपाएवढा झाला.

मग नजर डावीकडे सरकली. तोंड पुन्हा हलू लागलं. भराभर. म्हाताऱ्यानं जांभई दिली आणि उठण्यासाठी गुडघ्यावर हात ठेवला.

गोजरानं एकदाच भिंतीच्या डाव्या बाजूकडे पाहिलं. सगळं बरोबर होतं आणि त्यात काहीही घडत नव्हतं. ती धावली, चुन्याची बादली उचलली आणि डावी बाजू सपासप पांढरी करून टाकली!

"अगं, वेड लागलं का तुला?" काका ओरडले.

"आजोबा, बसा!" गोजरा धापा टाकत म्हणाली. "विडा संपला का?"

म्हाताऱ्यानं विडा गालात सारला. "नाही अजून," तो म्हणाला आणि खाली बसला.

तिनं कुंचला पुन्हा उचलला. तिनं ठिपका दिला, तर तो ओल्या चुन्यात पसरला. "गेलं!" गर्दी म्हणाली. पण गोजरा त्या डागाकडे टक लावून बघत राहिली. मग तिनं त्याच्याभोवती एक कडं घातलं. दुसरं घातलं. तिसरं भिंतीच्या काठाला धडकलं, तसं तिनं तिथून रेघांचा फवारा सोडला. लोक टाचा उंचावून बघू लागले. "आता वर जाईल!" एक म्हणाला. "छे, खाली!" दुसरी म्हणाली. रेघ दोघांनाही चकवून उजवीकडच्या लाटेत शिरली, आणि सगळी गर्दी एकदम ओरडली, "वा!"

थोरले चितारी हलले नाहीत. विडा कधी संपला, ते त्यांनाही कळलं नाही.

"उजवीकडे तू भिंतीला विचारत होतीस," अखेर ते म्हणाले. "डावीकडे तू तिला ऐकवत होतीस. आता पुन्हा विचारू लागलीस. कुंचला तुझा, पोरी."

गोजरा आनंदानं रडली आणि काका तिच्याहून जास्त रडले. पुढे तिनं राज्यभर भिंती रंगवल्या, आणि एका भिंतीवरची नक्षी दुसऱ्या भिंतीवर कुणाला कधी सापडली नाही.

बोध: जे एकदा साधलं त्याचा छाप मारत बसू नये, चुकायची तयारी ठेवणाऱ्या हातालाच नवं काही सापडतं.