दुमजली डब्यात वर कोण बसणार?

दुमजली डबा तयार झाला, पण त्याचे दोन्ही मजले काही भरेनात!

त्याचं असं झालं. वेळूगड संस्थानची कचेरी होती डोंगरात. रोज सकाळी शहरातून मानकरी आणि कारकून आगगाडीने तिकडे जात. कचेरीचा फलाट कडा आणि नदी यांच्यात अंग चोरून बसलेला. एक डबा जास्त जोडला तर तो फलाटाबाहेरच उभा राहायचा! महाराज हिंमतराव म्हणजे हट्टाचं दुसरं नाव. ते म्हणाले, "डबे वाढत नाहीत? मग मजले वाढवा!"

डब्यांच्या कारखान्याचा मुख्य मिस्त्री गणोजी सुतार कामाला लागला. वाटेत एक जुनी दगडी कमान होती, तिच्याखालून डबा जायला हवा. म्हणून गणोजीने खालचा मजला पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे पार रुळांजवळ उतरवला आणि त्यावर दुसरा चढवला. खाली जायला दोन बुटक्या पायऱ्या, वर जायला उभा जिना. बाकांची वेताची वीण त्याची मुलगी सगुणा हिने विणली. काम झकास झालं. फक्त वरचं छत इतकं ठेंगणं, की कुणालाही तिथे वाकल्याशिवाय उभं राहता येत नव्हतं.

पहिल्याच दिवशी मानकरी खाली बसले आणि कारकून वर गेले. डोक्यावर धपधप पावलं वाजली. मानकऱ्यांचे म्होरके तात्यासाहेब ताडकन उठले.

"आमच्या डोक्यावर कारकुनांचे जोडे? उतरा सगळे!"

दुसऱ्या दिवशी मानकऱ्यांना वर पाठवलं. निम्मे जिन्यातच धापा टाकत बसले. तात्यासाहेब कसेबसे पोचले, तर छताला आपटून त्यांची पगडी घरंगळत थेट खाली आली! तिसऱ्या दिवशी मानकरी पुन्हा खाली बसले, वरचा मजला रिकामाच धावला आणि कारकून शहराच्या फलाटावर हात हलवत राहिले.

महाराजांनी बापलेकीला दरबारात बोलावलं आणि ते भडकले. "गणोजी! दोन्ही मजले भरले पाहिजेत. मानकरी जिना चढणार नाहीत. त्यांच्या डोक्यावर कारकून बसलेला त्यांना चालणार नाही. आणि कमानीचा दगड हलणार नाही. उद्या सकाळी हे जमलं नाही, तर या डब्याचं खुराडं करा आणि कारखान्याला कुलूप घाला!"

गणोजीला लाकूड कापता येत होतं, मानकऱ्यांचा मान कसा कापणार?

सगुणा मात्र पुढे झाली. कारखाना गेला तर आबा या वयात कुठे जाणार? आणि जीभ तिची कधीच अडखळत नसे.

"म्हाराज, जमवते मी. फकस्त तुमची गादी द्या."

दिवाणजी ओरडले, "पोरी, राज्य मागतेस काय!"

"न्हाई जी. शिकारीच्या मुक्कामाला सोबत न्हेता, ती धाकली गादी. येका सकाळपुरती."

महाराजांना गंमत वाटली. त्यांनी गादी दिली.

सकाळी महाराज स्वतः शहराच्या फलाटावर हजर झाले. तात्यासाहेब आले, खालच्या मजल्यावर उतरले आणि छताकडे बोट करून गुरगुरले, "वर कोण बसलंय?"

"वर म्हाराजांची गादी हाय, सरकार," सगुणा म्हणाली. "तुमाला तिच्या सावलीत बसायला कमीपणा वाटत आसंल, तर तसं म्हाराजांना सांगते."

वेळूगडची रीतच होती. महाराज गावाला गेले तरी दरबार भरे आणि रिकाम्या गादीला मुजरे होत. तात्यासाहेबांनी खिडकीबाहेरच्या महाराजांकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं, आणि छतालाच मुजरा ठोकला!

"कमीपणा कसला? भाग्य आमचं!" असं म्हणून ते ऐसपैस बसले. मग बाकीचे मानकरी कशाला मागे राहतात? गादीच्या बरोबर खालची जागा कोणाची, यावरून त्यांच्यात ढकलाढकलीच झाली.

मग कारकून जिना चढू लागले. डोक्यावर पावलं धपधपली, पण गादीखालची जागा सोडून उठतो कोण! दिवाणजी त्यांच्या मागोमाग धावत वर गेले, आणि त्यांच्यामागे सगुणाही.

"थांबा! गादीसमोर कारकून बसणार? दरबारात गादीसमोर उभं राहतात!"

"बरूबर हाय," सगुणा म्हणाली. "दिवाणजी, तुमी ऱ्हावा बघू हुबं."

दिवाणजी बाणेदारपणे ताठ झाले. खाडकन आवाज आला आणि ते डोकं धरून मटकन बाकावर बसले.

"बघा!" सगुणा म्हणाली. "हितं आल्यावर कुनीबी आधी वाकतो, मग बसतो. दरबारात तरी येवढा मान कुनी देतं का?"

कारकून हसू दाबत वाकत वाकत आले आणि बसले. वरचा मजला भरला, खालचा भरला. फलाटावर एकही प्रवासी मागे उरला नाही. बसायचे उरले फक्त महाराज. त्यांचे डोळे चमकले. सापडली पोरगी कचाट्यात!

"सगुणे, आता मला बसव. खाली बसलो, तर कारकून माझ्या डोक्यावर. वर गेलो, तर वाकावं लागणार. आणि वेळूगडचा राजा कुणापुढेही वाकत नाही! बोल, कुठे बसू?"

डब्याशी उभ्या गणोजीने डोळे मिटून घेतले. सगुणेने वरच्या खिडकीतून मान बाहेर काढली.

"म्हाराज, दसऱ्याला गादीवर बसायच्या आदी तिला नमस्कार करता, तवा ताठ ऱ्हाता व्हय?"

महाराज असे हसले, असे हसले, की इंजिनवाल्याला वाटलं निघायचा इशाराच झाला आणि त्याने शिट्टी फुंकली! महाराज धावतच चढले, सगळ्या कारकुनांदेखत कमरेत वाकून आपल्याच गादीला नमस्कार केला, आणि खिडकीतून ओरडले,

"गणोजी, खुराडं रद्द! असे आणखी डबे बांधायला घे. आणि दिवाणजी, नवीन हुकूम लिहा. वरच्या मजल्यावरची पहिली खिडकी जन्मभर सगुणेची. तिच्याकडे कुणी तिकीट मागायचं नाही, आणि तिथे मीसुद्धा बसायचं तर तिला विचारून!"