पुसणीचा कडा

जरा मागे सरा, ताई, तिथली माती सुटी आहे. हा पुसणीचा कडा. आमच्याकडे पुसणं म्हणजे विचारणं. नकाशात याचं दुसरंच नाव छापलंय, पण गावात ते कोणी घेत नाही.

गडावर तेव्हा हैबतराव नावाचा किल्लेदार होता, असं सांगतात. राजा लांब, घाट अवघड, त्यामुळे खालच्या वाड्यांना हैबतराव म्हणेल तोच कायदा. त्यानं दवंडी पिटवली होती की, बाजारात तिघांपेक्षा जास्त माणसांनी मिळून बोलायचं नाही आणि गडावर नेलेल्या माणसाची चौकशी करायची नाही. माणसं शेतातून, जेवणाच्या ताटावरून उचलली जायची. घरच्यांना कळायचं ते कड्याखाली गिधाडं उतरली की. कड्यावरून ढकलायचं काम दुदा नाईकाकडे होतं. धिप्पाड गडी. हुकूम आला की हात घालायचा, तोंडातून शब्द काढायचा नाही.

खालच्या वाडीत लखू बुरूड होता. सुपं, टोपल्या विणायचा. त्या उन्हाळ्यात गडावर पाण्याचं टाकं खोदायला वेठीनं माणसं नेली होती, त्यातली कितीतरी उन्हानं आणि दगडाखाली मेली. बाजारात सुपं मांडून बसलेला लखू बोलून गेला, "टाक्यात पाण्यापेक्षा आपली माणसंच जास्त पडलीत." ऐन दुपारी शिपाई आले आणि त्याला केसांना धरून ओढत नेलं. बाजार बघत राहिला.

त्याची बायको आवडी मागोमाग गड चढली. दरवाजात भाले आडवे आले.

"त्याचा गुन्हा काय, तेवढं सांगा," ती म्हणाली.

शिपाई हसले. तिच्या डोळ्यांदेखत दुदानं लखूला इथं, या टोकावर आणलं आणि ढकललं. असं म्हणतात की लखू ओरडला नाही. दोनदा कातळावर आपटल्याचा आवाज तेवढा आला.

आवडी खाली उतरली. गिधाडांना दगड मारून हाकललं. जे सापडलं ते टोपलीत भरलं. टोपली डोक्यावर घेऊन ती पुन्हा गड चढली आणि दरवाजासमोर ठेवून म्हणाली, "आता तरी सांगा. ह्याचा गुन्हा काय होता?"

तिला चाबकानं फोडलं. पाठीचं कातडं लोंबायला लागलं, तेव्हा माणसांनी तिला उचलून खाली आणलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. सोबत आणखी सात जण होते, ज्यांची माणसं अशीच गेली होती. आठही जणांनी तेच विचारलं. हैबतरावानं भाले चालवायला सांगितले. चार जण दरवाजातच मेले. त्यांत एक गरोदर बाई होती. पायऱ्यांवरून रक्त खालच्या वळणापर्यंत आलं, म्हणे.

तिसऱ्या दिवशी सगळ्या वाड्या गडावर आल्या. हैबतरावानं दरवाजा उघडायला लावला, आवडीला आत ओढून घेतलं आणि लोकांसमोर दुदाला खूण केली.

दुदानं तिला कड्यावर आणलं. ती त्याला म्हणाली, "नाईक, तुम्ही इतक्या जणांना ढकललंत. त्यातल्या एकाचा तरी गुन्हा तुम्हाला ठाऊक होता का?"

दुदाचा हात तिच्या मानेवर होता. तो तसाच थांबला. मग वळला आणि आयुष्यात पहिल्यांदा मालकाला विचारता झाला, "सरकार, हिचा गुन्हा काय?"

हैबतरावानं तलवार काढली आणि दुदाचा उजवा हात मनगटापासून उडवला. दुदानं उरलेल्या हातानं त्याला मिठी मारून खाली पाडलं. हे बघून लोक दरवाजातून आत घुसले. शिपायांची डोकी दगडांनी ठेचली गेली. जे वाचले ते भाले टाकून पळाले. लोकांनी हैबतरावाला उचलून या टोकावर आणलं.

तेव्हा आवडी आडवी आली. "आधी त्याचा गुन्हा सांगा. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा."

लोक चिडले. एकानं तिलाही धक्का मारला. "तुझ्या नवऱ्याला सांगितला होता का?"

"नव्हता सांगितला," ती म्हणाली. "म्हणून तर मी आले."

मग एकेक जण पुढे आला आणि आपल्या मेलेल्या माणसाचं नाव घेऊन सांगू लागला. ऊन उतरेपर्यंत नावं संपली नाहीत. शेवटी आवडीनं हैबतरावाला विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे?" तो म्हणाला, "मी कोणाला जाब देत नाही." लोकांनी त्याला ढकललं. आवडीनं त्याला हात लावला नाही.

मग दुदा पुढे आला. थोट्या हाताला फडकं गुंडाळलेलं, त्यातून रक्त गळत होतं. म्हणाला, "आता माझा गुन्हा सांगा." तोही सांगितला गेला. त्याला बोलायला सांगितलं, तर तो नुसता रडला. काय करायचं ते लोकांनी आवडीवर सोपवलं. ती म्हणाली, "ह्याला जगू द्या. ह्यानं वेशीत बसायचं. कोणी कुणाला धरून न्यायला आलं, तर ह्यानं आडवं येऊन गुन्हा पुसायचा. आणि ह्याच्यानंतर ह्याच्या पोरानातवंडांनी." राजानं पाठवलेल्या नव्या किल्लेदारानं पुढे ही रीत मान्य केली, असं सांगतात.

मी त्या दुदाच्याच घरातला. ही गोष्ट सांगताना आम्ही त्याला सोडून देत नाही. त्यानं किती माणसं मारली तेही सांगतो.

आजही वेशीतल्या कट्ट्यावर आमच्या घरातलं कोणीतरी बसलेलं असतं. मागच्या वर्षी पोलिसांची गाडी आली, एका मुलाला न्यायला. मी उठून आडवा आलो, गुन्हा विचारला. फौजदार नवा होता, पण भला माणूस. म्हणाला, "बाबा, पकडण्याचं कारण सांगायचं हे संविधानातच लिहिलंय. त्याला सांगितलंय मी."

मी म्हटलं, "त्याला सांगितलंत, बरं केलंत साहेब. आता गावाला सांगा."

त्यानं कागद काढला. बायका दारात आल्या, पिठाची गिरणी बंद झाली, आणि त्यानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.