ठकूबाईंचा दगड

आपण ज्या दगडावर उभे आहात, तेथून कृपया खाली उतरावे. चपला घालून त्यावर कोणी पाय ठेवत नाही. हा ठकूबाईंचा वाचनाचा दगड. आणि समोरची ही, भर वैशाखातही न आटणारी, तांबडवाडीच्या चर्चची विहीर.

असे सांगतात की, आमच्या तेरा कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला त्याच वर्षी दुष्काळ पडला. गावविहिरीवर आमच्या लोकांना घागर बुडवू देत नसत. म्हणून त्यांनी स्वतःची विहीर खणायला घेतली. आठ परसांवर, म्हणजे आठ पुरुष खोलीवर, काळा कातळ लागला. वीस दिवस घण घालूनही तो हलेना. तेव्हा खोदणाऱ्यांचा पुढारी भागुजी म्हणाला, "बस झालं. उद्या गाड्या जुंपू आन् पाणी असंल तिकडं जाऊ." गाव सुटले की शाळा मोडणार, प्रार्थनेला जमलेली माणसे दाही दिशांना पांगणार, हे सर्वांना कळत होते.

ठकूबाई या भागुजीच्या मावशी. चाळिशी उलटल्यावर त्या आमच्या शाळेच्या मास्तरांकडे अक्षरे गिरवू लागल्या होत्या. दिवसाला एकच ओळ त्यांना वाचता येई. त्या दुपारी पवित्र शास्त्र छातीशी धरून त्या या दगडावर बसल्या आणि बोट फिरवीत मोठ्याने वाचू लागल्या. स्तोत्रात कोणी एक डोंगरांकडे डोळे लावून विचारतो, मला मदत येणार तरी कोठून? एवढे वाचून त्यांनी ग्रंथ मिटला.

"पुढं वाच की, मावशे!" भागुजी खालून ओरडला.

"पुढचं अजून शिकले नाही."

"म्हंजे नुसता सवालच? त्यो तर आम्हाला बी पडलाय!"

"उत्तर उद्या. गाड्या जुंपल्यास तर मुकशील." मग डोळे मिटून त्या म्हणाल्या, "देवा, आज इतकंच कळलं. पुढचं उद्या कळव, आणि तोवर आम्हाला इथंच धरून ठेव."

माणसे हसली. भागुजी तडक मास्तरांकडे गेला. मास्तर म्हणाले, "ओळ त्यांची आहे. मी कशी सांगू?"

सकाळी एकही गाडी जुंपली गेली नाही! सारी वाडी विहिरीभोवती उभी राहिली. ठकूबाईंनी वाचले की, ज्याने आकाश आणि पृथ्वी घडवली, त्या परमेश्वराकडून मदत येते. मग भागुजीने तळहातांवर थुंकी टाकली. "ज्यानं ह्यो कातळ घडवला, त्याला त्यो कुठं फुटतो ते ठावं असणारच. घ्या रं पहारी!"

रोज एक ओळ, रोज तीच प्रार्थना आणि पुन्हा घणाचे घाव. सहाव्या दिवशी कातळाला चीर गेली आणि पाण्याची चिळकांडी थेट भागुजीच्या तोंडावर उडाली! बायका नाचल्या, पुरुष रडले, कोणी चिखलातच गुडघे टेकले. ठकूबाई मात्र वरून म्हणाल्या, "ओरडा हवं तेवढं, पण अजून दोन ओळी राहिल्यात."

आजही वैशाखात हे स्तोत्र आम्ही येथे सलग वाचत नाही. आठ दिवस, रोज एक ओळ. त्या वर्षी वाचायला शिकलेली व्यक्ती ते वाचते. ती अडखळली, चुकली, तरी कोणी सुधारत नाही, इथला पाळक असून मीसुद्धा नाही. पहिल्या दिवशी आम्ही नुसता प्रश्न घेऊन, भजने म्हणत घरी जातो. आणि सातव्या दिवशी, म्हणजे पाणी लागून गेल्यावरही उरलेल्या ओळी ऐकायला, या विहिरीभोवती सर्वांत अधिक गर्दी असते.