झाकलेली पेटी

खूप जुनी गोष्ट आहे. नदीकाठच्या एका गावात एक विणकर राहत होता. त्याच्या मुलीने, चिमाने, एक नवा माग रचला. या मागावर पायाखालची पावडी दाबली की सूत उचललं जाई आणि दोन्ही हात आडवं सूत नेणाऱ्या धोट्याला मोकळे राहत. माग पुरा झाला आणि त्याच वर्षी चिमा तापाने गेली.

बापाने तो माग गावाला देऊन टाकला. अट एकच घातली. "कुणीही असा माग बनवा, हवी ती भर घाला. पण घालाल ती भर उघडी ठेवा. माझ्या पोरीने काही झाकलं नव्हतं."

तेव्हापासून गावात माग ओसरीवर असत आणि त्यांच्यावर पडदा नसे. जाणारा-येणारा थांबे, बघे, घरी जाऊन तसंच करून पाही. म्हातारा ओसऱ्यांवरून हिंडे. प्रत्येक पावडीच्या आवाजात त्याला लेकीचं पाऊल ऐकू येई.

मग एका हुशार विणकराने मागाच्या वर एक लाकडी पेटी बसवली. तिच्या दोऱ्यांनी लुगड्याच्या काठावर कमळं उमटत. पेटी त्याने जाड कापडात शिवून टाकली.

"बाबा रे, तेवढं कापड काढ," म्हातारा म्हणाला.

"आबा, माग उघडाच आहे की! पेटी माझी. वर ठेवलेली वस्तू मागात कशी धरता? उद्या मागावर मांजर बसलं, तर तेही गावाचं का?"

सगळी ओसरी हसली.

पंच बसले. त्यांनी पेटी उतरवायला लावली. माग साधं कापड विणू लागला. "पेटीवाचून माग चालतो," थोरले पंच म्हणाले. "म्हणजे पेटी वेगळी."

"आता मागावाचून पेटी चालवा," म्हातारा हळू आवाजात म्हणाला. "तिची एकेक दोरी चिमाच्या पावडीला बांधलेली आहे."

"आबा, निकाल झाला. आता दुःख आवरा."

बघता बघता ओसरीओसरीवर पेट्या आल्या, सगळ्या शिवलेल्या. पेटीला सोयीचं व्हावं म्हणून लोकांनी मागही कापले, सांधे हलवले, आणि तेही झाकले. निकाल फक्त पेटीचा होता. पण विचारणार कोण?

वर्षं गेली. हुशार विणकर वारला आणि त्याची पेटी अडली. त्याची बायको म्हाताऱ्याकडे आली.

"आबा, आत काय आहे ते त्यांनी मलाही दाखवलं नाही. पेटीसाठी त्यांनी मागही कापला, आता तो पेटीवाचून चालत नाही. पेटी राहू द्या. साधा माग तरी बांधून द्या."

दोघं चावडीत गेली. चिमाचा माग तिथे होता, पण त्याच्या पावड्या कुणीतरी आपल्या पेटीसाठी काढून नेल्या होत्या.

म्हातारा त्या रिकाम्या जागेवर हात फिरवत राहिला.

"मला नाही येत गं," तो म्हणाला. "मी नुसता विणायचो. तिने काय केलं ते ज्याच्या-त्याच्या ओसरीवर दिसायचं. म्हणून मी कधी लक्षातच ठेवलं नाही."

एकेक पेटी अडत गेली, एकेक ओसरी गप्प झाली. म्हातारा तरीही रोज हिंडे. प्रत्येक दारापाशी थांबे, कान देई, आणि काही ऐकू न येता पुढे जाई.

ज्याच्या आधारावर आपण उभे आहोत त्याला जो वेगळं ठरवतो, तो आधारही घालवतो आणि आपलं उभं राहणंही.