खारूताईचं कच्चं बोळकं

एक होती खारूताई. तिचं घर उंच चिंचेवर. घरात एक पिल्लू, एवढंसं. त्याला अजून खाली उतरता येत नव्हतं.

ऊन तापलं. पिल्लू म्हणालं, "आई, पाणी. चीं चीं चीं."

खारूताई निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. दामूकाका कुंभारांच्या अंगणात बोळकी वाळत होती. बोळकं म्हणजे इवलंसं मडकं. एका बोळक्यावर काकूंनी वेल काढली होती. पांढरी पांढरी, नागमोडी.

"हेच मला हवं," खारूताई म्हणाली. विचारायचं? छे, तिला कुठला धीर! तिने ते उचललं, हौदावर नेलं आणि पाणी भरलं. डुब डुब डुब.

आणि झालं काय? बोळकं मऊ झालं. वेल पुसली. बूड गळून पडलं. पच्च! हातात नुसता चिखल.

दामूकाका म्हणाले, "अगं, ते कच्चं होतं. दिसायला बोळकं, पण भाजलं नाही तर मातीच ती."

"काका, काका, भाजलेलं बोळकं द्या."

"भट्टी पेटू दे, मग देईन."

चिंचेवरून आवाज आला, "चीं चीं चीं." खारूताईने वर बघितलं. ती भट्टीकडे गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"भट्टीबाई, भट्टीबाई, पेट ना.
काका बोळकं देईनात,
पिल्लू माझं तहानलं."

भट्टी म्हणाली, "गोवऱ्या येऊ देत, मग पेटेन."

खारूताई काकूंकडे गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"काकू, काकू, गोवऱ्या द्या ना.
भट्टी काही पेटेना,
काका बोळकं देईनात,
पिल्लू माझं तहानलं."

काकू म्हणाल्या, "गाय उठू दे, मग देईन. बसलीय बघ, गोवऱ्यांची वाट अडवून."

चिंचेवरून आवाज आला, "चीं चीं." एक चीं कमी झाली. खारूताई घाबरली. गाईकडे पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"गाईबाई, गाईबाई, ऊठ ना.
काकू गोवऱ्या देईनात,
भट्टी काही पेटेना,
काका बोळकं देईनात,
पिल्लू माझं तहानलं."

गाय म्हणाली, "गवत डोलू दे, मग उठेन. वाळक्या काड्यांसाठी कोण उठतंय?"

खारूताई गवताकडे पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"गवता, गवता, डोल ना.
गाय काही उठेना,
काकू गोवऱ्या देईनात,
भट्टी काही पेटेना,
काका बोळकं देईनात,
पिल्लू माझं तहानलं."

गवत म्हणालं, "पाणी येऊ दे, मग डोलेन."

चिंचेवरून आवाज आला, "चीं." एकच. तीही बारीक. खारूताई हौदाकडे धावली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"हौदा, हौदा, पाणी दे ना.
गवत काही डोलेना,
गाय काही उठेना,
काकू गोवऱ्या देईनात,
भट्टी काही पेटेना,
काका बोळकं देईनात,
पिल्लू माझं तहानलं."

हौद म्हणाला, "पाणी काय, हवं तेवढं आहे. पण नेशील कशात? बोळकं येऊ दे, मग देईन."

बोळकं? अहो, बोळक्यासाठीच तर ही सगळी धावपळ!

खारूताई हौदाच्या काठावर मटकन बसली. आता कुठे जाऊ? कोणाला विचारू? तिने चिंचेकडे कान लावला. आवाजच नाही. खारूताई रडू लागली.

रडता रडता शेपटी पाण्यात पडली. खारूताई उठली, तर शेपटी जड. टप टप टप.

हौद म्हणाला, "हे कसलं बोळकं? ना गळा, ना बूड."

"पाणी नेतं ना? मग झालं," खारूताई म्हणाली. "चिंचेवर चढेपर्यंत सगळं गळून जाईल. पण गवत इथेच आहे."

शेपटी बुडवली, गवतावर झटकली. सप सप. पुन्हा बुडवली, पुन्हा झटकली. सप सप.

गवत डोललं. गाय उठली. काकूंनी गोवऱ्या दिल्या. भट्टी पेटली. धडधड, धडधड. सगळी बोळकी भाजली.

"काका, आता द्या."

"थांब. गरम बोळकं घाईने काढलं, तर तडकतं."

"पिल्लू गप्प झालंय हो, काका."

काकाही चिंचेकडेच बघत होते. पण भट्टीला त्यांनी हात लावला नाही.

भट्टी निवली. काकांनी राख सारली, एक बोळकं काढलं, बोटाने वाजवलं. टण्ण! "हं, आता हे बोळकं."

वेल नव्हती. एका बाजूने काळं होतं, जरासं वाकडंही. खारूताईने पाणी भरलं. डुब डुब डुब. बूड खालून बघितलं. कोरडं!

बोळकं दातात धरून ती चिंचेवर चढली. हळू हळू, हळू हळू. एक थेंबही सांडायला नको.

पिल्लाचे डोळे मिटलेले होते. तिने बोळकं त्याच्या तोंडाला लावलं.

घुट.

पिल्लू हललं नाही.

घुट घुट.

एक डोळा उघडला.

घुट घुट घुट.

"आई," पिल्लू म्हणालं, "अजून."

बोळकं झालं रिकामं, गोष्ट झाली पुरी.