बुधीनं वेलीचं नाव सांगितलं

उंबरी नदीवर पूल व्हायच्या कितीतरी पिढ्या आधीची ही गोष्ट. नदीच्या अलीकडे, ढाकवाडीत, बुधी नावाची ठाकरीण राहायची. साप चावलेलं माणूस तिच्या ओटीवर उचलून आणावं आणि त्यानं आपल्या पायांनी घरी जावं, असं म्हणतात. ती कसलंसं मूळ उगाळून पाजायची. पण उगाळताना सहाणेवर पदर धरायची. बापानं मरताना बजावलं होतं, "झाडाचं नाव तोंडातून गेलं, की हाताचा गुण गेला." तीस वर्षं तिनं ते नाव पोटात ठेवलं. नवऱ्यालासुद्धा कळू दिलं नाही.

एका श्रावणात नदी दुथडी भरून चालली होती. भर दुपारी पलीकडच्या काठावर माणसं जमली. मधे घोंगडीवर त्या काठची ठकी आडवी पडलेली. सात महिन्यांची पोटुशी. भातातलं तण बेणताना तिला नाग डसला होता.

"बुधीआक्का!" ठकीची सासू ओरडली. "पोरीची जीभ जड झाली गं! ये ना!"

बुधी तशीच पाण्यात शिरली. कमरेएवढ्या पाण्यात पाय सुटले. नावाड्यानं दंड धरून तिला मागं ओढलं. "आक्का, आज हत्तीसुद्धा वाहून जाईल."

ती काठावर उभी राहिली. जिचं मूळ ती उगाळायची, ती वेल त्या सासूच्याच कुंपणावर चढली होती, हे एकट्या बुधीला ठाऊक. बापाचा चेहरा डोळ्यांपुढं आला. तिनं आपल्या हातांकडं पाहिलं. उद्यापासून हे नुसते हात.

मग तेच हात तोंडाशी धरून ती ओरडली, "गरळवेल! तुझ्या कुंपणावर, लाल देठाची! मूळ उगाळून पाज!"

तेवढ्यापुरती नदी गप्प झाली, असं म्हणतात. शब्द न् शब्द पलीकडे पोचला. तिन्हीसांजेला ठकीनं डोळे उघडले.

बुधीच्या हाताला पुढं कधी गुण आला नाही. पहिले काही दिवस ती उदास बसून राहिली. नंतर मात्र आलेल्याला हसून सांगायची, "माझ्याकडं कशाला? चल, वेल दाखवते."

आता साप चावला की ढाकवाडीची माणसं पहिल्यांदा गाडी काढून दवाखाना गाठतात. पण श्रावणात एक दिवस बुधीचा म्हणून पाळतात; त्या दुपारी दोन्ही काठांवर गाव जमतं. ज्याला जे येतं, ते त्यानं पलीकडच्यांना ओरडून सांगायचं. कुणी बियाणं टिकवायची युक्ती सांगतं, कुणी लोणच्याचं प्रमाण. बुधीच्या दिवशी लपवलेलं पुढं कुणाच्याच कामी येत नाही, असं म्हणतात.